देवकाबाई, नेव्हिस आणि टोल्याची मंडई

आमच्या खैरीटोल्यात, म्हणजे खैरी गावाच्या वाडीत, कोणाच्या पोटात काय दुखतं ते मला सकाळ-संध्याकाळ कळतं, कारण दूध घालायला सगळे माझ्याकडेच येतात. दुधातलं फॅट मशीन सांगते, बाकीचं लोक आपणहून सांगतात. आणि माझं मत विचाराल तर जळण्याच्या कामात देवकाकाकूचा हात धरील असं माणूस या टोल्यात झालं नाही. मी स्वतः काही कमी जळका नाही. पण मी चिल्लर गोष्टींवर जळतो, कोणाची नवी मोटारसायकल, कोणाच्या म्हशीला जास्त दूध. काकूने एकच दुखणं धरलं आणि ते चाळीस वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं.

ते दुखणं म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण केशरबाई.

दोघी एकोडीच्या. लग्नं एकाच मांडवात लागली. केशरबाई खैरीत गेली आणि देवकाकाकू नाल्याच्या अलीकडे आमच्या टोल्यात आली. नाला म्हणजे काही नदी नव्हे, दिवाळीनंतर त्यात म्हशीचे गुडघेही भिजत नाहीत. पण पलीकडे ग्रामपंचायत आहे, सातवीपर्यंत शाळा आहे, दवाखाना आहे, धान खरेदी केंद्र आहे, मोठा तलाव आहे. अलीकडे अंगणवाडी आहे आणि मी आहे. पाण्याची टाकीसुद्धा पलीकडेच. नळाला पाणी येण्याआधी आमच्याकडे कितीतरी वेळ नुसती हवा येते, आणि ती हवाही खैरीवाल्यांनी वापरून सोडलेली असते असं मला वाटतं. सानगडीच्या बाजारात कोणी गाव विचारलं तर आम्ही खैरी सांगायचो. खैरीवाला शेजारी उभा असला की तो लगेच म्हणायचा, खैरी नव्हे, टोला.

हे सगळं काकूने सोसलं. तिला सोसवली नाही ती मंडई.

आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की मंडया लागतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी गावात दुकानं येतात, पाळणे येतात, सिंगाड्यांचे आणि जिलबीचे ढीग लागतात, रात्री नाटक उभं राहतं, आणि घरोघरी पाहुणे उतरतात. लेकीबाळी येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात, जाता जाता लग्नाच्या पोरी पाहून घेतल्या जातात. ज्याच्या दारात मंडईला जास्त चपला निघाल्या त्याची वर्षभर मान ताठ. खैरीची मंडई पंचक्रोशीत नावाजलेली. टोल्याला मंडईच नव्हती. म्हणजे टोल्याच्या माणसाने दरवर्षी खैरीला जायचं, कोणाच्या तरी घरी जेवायचं, नाटक पाहायचं आणि नाला ओलांडून परत यायचं.

देवकाकाकू केशरबाईकडे जायची. एकोडीहून त्यांचा थोरला भाऊ गोमाजी काठी टेकत यायचा. आईबाप गेल्यावर दोघींचं माहेर म्हणजे तोच. तोही अर्थात केशरबाईच्याच ओसरीत बसायचा आणि पहिलं ताट त्याचं असायचं. दुसऱ्या दिवशी काकू दूध घालायला आली की माझ्या रिकाम्या कॅनवर बसून सांगायची, "दादाले वाढे तं माह्याकडं पाहे. पाह्य म्हणे, दादा कोणाच्या घरी जेवते." केशरबाई तिच्याकडे बघतही नसेल. पण जळणाऱ्याला दुसऱ्याची नजर सगळीकडून दिसते. इतक्या वर्षांत आपण एकदाही बहिणीला आपल्या घरच्या मंडईत पाटावर बसवलं नाही, एक वडा तिच्या ताटात वाढला नाही, हे काकूला खुपायचं. एरवी बोलावलं तर केशरबाई यायची, उभ्याउभ्या चहा पिऊन जायची. त्या येण्याला कोण विचारतो? मंडईची पाहुणी ती पाहुणी.

काकूचा मुलगा गोलू वरठीच्या कारखान्यात आहे, आठ-पंधरा दिवसांनी घरी येतो. सून रिता घर सांभाळून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, आणि मोठ्याने वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात शिरत नाही. त्यामुळे शेजारीपाजारी ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाचं सामान्य ज्ञान वाढलं आहे. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमाराला मी किटली परत द्यायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ती जगातल्या लहान देशांचा धडा घोकत होती आणि काकू सुपात तांदूळ पाखडत होती.

देशाचं नाव सेंट किट्स आणि नेव्हिस. वेस्ट इंडीजकडचा, दोन बेटांचा. अख्ख्या अमेरिका खंडात याहून लहान देश नाही. राजधानी बासेटेर. १९८३ साली इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास.

मी म्हटलं, म्हणजे भंडारा शहराच्या निम्मीच. रिता म्हणाली, हो, आणि जमीन एखाद्या तालुक्याहून कमी. पण झेंडा स्वतःचा, पंतप्रधान स्वतःचा, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताला एक मत तर त्यांनाही एक मत. माझ्या अंगाचा तिथेच तिळपापड झाला. निम्म्या भंडाऱ्याला पंतप्रधान, आणि आम्हाला नाल्यावर पूल मागायचा तर आधी खैरीच्या सरपंचाच्या दारात उभं राहायचं. या जगात न्याय नाही.

काकूला लोकसंख्येशी घेणंदेणं नव्हतं. दोन बेटांत मोठं कोणतं, एवढंच तिने विचारलं. रिता म्हणाली, सेंट किट्स मोठं, नेव्हिस लहान, मध्ये दोनेक मैल समुद्र. राजधानी मोठ्यावर, वस्ती मोठ्यावर, नेव्हिसवर बारा-तेरा हजार माणसं. काकूने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे नेव्हिस आपला टोला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने सुनेच्या मागे भुंगा लावला. रिता बिचारी मोबाईलवर शोधून सांगायची आणि माझ्या दूध केंद्रावर त्याची उजळणी व्हायची. देशाचा प्रमुख इंग्लंडचा राजा आहे, पण तो तिथे राहत नाही. त्याच्या नावाने कारभार बघायला गव्हर्नर-जनरल नेमलेला असतो आणि नेव्हिससाठी त्याचा वेगळा उपप्रतिनिधी. काकू म्हणाली, मालक दूरगावी आणि दिवाणजी घरात, हे बरं आहे. संसदेत निवडून येणारे अकरा, त्यातले आठ किट्सचे आणि तीन नेव्हिसचे. इथे तिचं तोंड वाकडं झालं. आमच्या ग्रामपंचायतीत टोल्याचा मेंबर एकच, तो घनश्याम किराणावाला, आणि त्याची सासुरवाडी खैरीची.

पण पुढचं ऐकून काकूचे डोळे मोठे झाले. नेव्हिसला आपली वेगळी विधानसभाही आहे. पाच निवडलेले, तीन नेमलेले. आपला मुख्यमंत्री आहे, त्याला प्रीमियर म्हणतात, आणि बेटावरच्या बऱ्याच गोष्टी ते आपल्या आपण ठरवतात. किट्सला असं वेगळं काही नाही, देशाची संसद तीच त्यांची. त्यामुळे मोठ्या बेटावरचेही काही लोक कुरकुरतात की लहान्याचे फार लाड होतात. हे मात्र काकूला पटलं नाही. मोठ्याने लहान्यावर जळावं असं काय असतं लहान्याकडे, ती म्हणाली, लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं असेल. तिथे माकडं एवढी आहेत की माणसांपेक्षा माकडं जास्त असं तिथलेच लोक थट्टेने म्हणतात, हे तिला लगेच पटलं. त्या एका बाबतीत टोलाही कोणाला हार जायचा नाही.

शेवटी रिताला मुख्य गोष्ट सापडली. नेव्हिसला वेगळं व्हायचं असेल तर होता येईल असं त्यांच्या घटनेतच लिहून ठेवलं आहे. आधी बेटाच्या विधानसभेत निवडून आलेल्यांतले तीनातले दोन हो म्हणाले पाहिजेत, मग लोकांच्या मतदानातही तीनातले दोन. १९९८ साली मतदान झालं. शंभरातले जवळजवळ बासष्ट जण म्हणाले, वेगळं व्हायचं. मग झाले का, काकूने विचारलं. रिता म्हणाली, नाही, सदुसष्ट लागत होते.

काकूने दोन दिवस सुतक पाळलं. बासष्ट म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त, हे तिने मला इतक्यांदा समजावलं की जसा मीच तिकडे मतं मोजायला बसलो होतो. ज्या चार-पाच जणांनी घात केला त्यांची सोयरीक नक्की किट्समध्ये असणार, घनश्यामसारखी, असं तिचं म्हणणं. मलाही तसंच वाटतं. तिसऱ्या दिवशी दूध ओतता ओतता ती म्हणाली की यंदा टोल्याची मंडई भरवायची, आपली वेगळी.

बैठक मारुतीच्या देवळासमोर झाली. घरामागे एक हात असं ठरलं. घनश्याम हसत म्हणाला, आज हो म्हणाल आणि उद्या फिराल, मग टोल्याची शोभा होईल. काकू तयारीनेच आली होती. ती म्हणाली, कायदा नेव्हिसचा. तीन घरांतली दोन हो म्हणाली तरच मंडई. आणि एकदा जे ठरलं ते बदलायलाही तीनातली दोन घरं लागतील, म्हणजे कोणाला सासुरवाडीच्या दबावाने फिरवता येणार नाही. नेव्हिस म्हणजे काय हे तोवर टोल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. घनश्याम सोडून जवळपास सगळे हात वर गेले.

मग दिवस ठरवायचा होता. खैरीची मंडई भाऊबीजेनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी. घनश्याम म्हणाला, आपली बुधवारी धरू, खैरीला आलेले पाहुणे मुक्कामाला असतातच, सकाळी उठून नाला ओलांडतील, दुकानंही इकडे सरकतील. सूचना शहाणपणाची होती आणि म्हणूनच कोणाला आवडली नाही. रितानेही मागून सांगितलं की नेव्हिसचा उत्सव जुलै संपता संपता असतो आणि किट्सचा नाताळात, त्यामुळे एकमेकांकडे जायला लोकांना अडचण पडत नाही. सून सासूच्या बैठकीत बोलते हेच पुष्कळांना नवल वाटलं, ती काय बोलते ते ऐकलं कोणी नाही.

काकू उठून उभी राहिली. "शिळ्या पाहुण्याइची मंडई मले नाई पायजे," ती म्हणाली. "तिच्या घरून पोट भरून येतीन अन् माह्या घरी ढेकर देतीन. मंगळवार म्हणजे मंगळवार."

सगळ्यात जोरात टाळी मी वाजवली.

आमंत्रण द्यायला ती नवं लुगडं नेसून स्वतः खैरीला गेली आणि फुलून परत आली. टोल्याची मंडई म्हटल्यावर केशरबाई आधी हसली म्हणे, बरं झालं म्हणाली, येतो म्हणाली. मग दिवस ऐकला आणि चुलीकडे तोंड करून बसली. हे सांगताना काकूचा आनंद तोंडावर मावत नव्हता. जळली, ती म्हणाली, चांगली जळली. मी तिच्या दुधाचं माप घेत होतो, ते तसंच ठेवून पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

मंगळवारी टोल्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती, निदान आम्हाला तरी तसं वाटत होतं. पाळणा एकच आला, तोही लहान पोरांचा. नाटक मंडळ्यांच्या तारखा आधीच गेल्या होत्या, म्हणून आम्ही गावातल्याच गड्यांची दंडार ठेवली, ढोलकी-टाळावरचं नाचगाणं. पण लाऊडस्पीकर खैरीहून मोठा आणला आणि त्याचं तोंड नाल्याकडे केलं. त्यांनी त्यांचं आमच्याकडे केलं. मधे नाल्यात उभ्या असलेल्या म्हशींना कोणीकडे जावं ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

काकूच्या घरी उडदाचे वडे, वांग्याची भाजी, नव्या तांदळाचा भात, खीर. दारात चपलांचा ढीग. सानगडीचे सोयरे आले होते, तिची मावसबहीण कामिनी आली होती. पण ओसरीत भिंतीला लागून एक पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती, आणि त्यावर काकू कोणाला टेकू देत नव्हती. तो गोमाजीचा. भाऊ कोणाच्या ओसरीत बसतो, टोल्याच्या की खैरीच्या, यावरच तिच्या लेखी मंडईचा निकाल लागायचा होता.

दुपार कलली तरी गोमाजीचा पत्ता नाही. काकू आली, मला बाजूला घेतलं आणि खैरीला जाऊन दादा तिकडे बसला का ते बघून यायला सांगितलं. मी गाडी काढली. केशरबाईच्या ओसरीतही भिंतीला लागून एक पाट होता, भोवती रांगोळी होती, आणि पाट रिकामा होता. पिठाच्या हातांनी ती बाहेर आली आणि मी काही विचारायच्या आत तिनेच विचारलं की गोमाजीदादा तुमच्याकडे जेवला का. नाही म्हटल्यावर ती आत गेली.

मी परत येऊन काकूला सांगितलं.

"तिच्याकडंही नाई न?" तिने विचारलं.

नाही, म्हटलं. तिने आत जाऊन वाढून घेतलं आणि त्या दिवशीचा पहिला घास खाल्ला. मला ते अगदी बरोबर वाटलं. आपल्याला मिळालं नाही ते दुसऱ्यालाही मिळालं नाही, एवढं सुख रोज कुठे पदरात पडतं.

दुसऱ्या दिवशी ती वडे बांधून एकोडीला गेली आणि तिथे तिचं सुख संपलं. गोमाजीची बायको धुरपता हिने तिला सांगितलं की म्हातारा मंगळवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून दारात बसला. एकीकडे जावं तर दुसरी रडेल, म्हणून दिवसभर तसाच बसून राहिला आणि संध्याकाळी धोतर सोडून ठेवलं. काकूने आणलेले वडे त्याने उघडलेही नाहीत. "मंडया तुमी दोन केल्या," तो म्हणाला. "मी एकच आहो."

त्यानंतर वर्षभर काकूने नेव्हिसचं नाव काढलं नाही. दूध घालायची आणि निघून जायची. माझाच चहा गोड लागेना.

पुढच्या दसऱ्याला बैठक बसली तेव्हा ती उभी राहिली आणि बुधवार करा म्हणाली. शिळे तर शिळे, पण बुधवार करा. लोक हसायला लागले. तिचं ते वाक्य टोल्यात म्हणीसारखं झालं होतं, कोणीतरी तेच तिला ऐकवलं. आणि मी म्हटलं की आपण सरकलो तर खैरीवाले म्हणतील घाबरले, सरकायचंच असेल तर त्यांनी सरकावं. हात मोजले. बायकांनी नवऱ्यांचे हात धरून वर केले होते, त्यामुळे निम्म्याहून जास्त घरं तिच्या बाजूने निघाली. पण तीनातली दोन भरली नाहीत, थोडक्यात राहिली. घनश्याम आता मंडई समितीचा अध्यक्ष होता. त्याने मान हलवत सांगितलं की कायदा नेव्हिसचा आहे, काकूनेच केलेला, त्याला कोण काय करणार. रिता माझ्याकडे अशी बघत होती की जणू नेव्हिसची उरलेली मतं माझ्याच खिशात आहेत. बघू दे. वर्षभर आमची माणसं सानगडीच्या बाजारात छाती काढून टोला सांगत होती, ती काय बुधवार करण्यासाठी?

भाऊबीजेला मीच काकूला गाडीवर एकोडीला नेलं. केशरबाई आधी पोचली होती. ओवाळणं झालं, आणि गोमाजी म्हणाला की दोघी एकाच दिवशी चूल पेटवणार असाल तर मी यंदाही दारातच बसतो. काकूने सांगितलं की दिवस बदलत नाही, माझ्याच कायद्याने मला बांधलं आहे. मग तिचा सगळा राग बहिणीवर गेला. तुला काय, तुझी मंडई जुनी, चाळीस वर्षं राणीसारखी मिरवलीस, मला एक दिवस मिळाला तर तेवढ्यानेही तुझं तोंड फिरलं, असं ती बोलत सुटली.

केशरबाईने ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. "राणी?" ती म्हणाली. "चाळीस वर्सं तू आली, पाटावर बसली, जेवली, नाटक पाह्यलं अन् हसत घरी गेली. मी चुलीपासून उठली नाई. आमच्या खैरीचं नाटक कसं रायते ते मले मालूम नाई, देवका. दादाच्या घरच्या मंडईले आली तं वहिनीच्या हाताखाली, सासरच्या मंडईले माह्याच चुलीसमोर. पाहुणी म्हणून मले आजवर कोणी पाट मांडला नाई. तुले जेवतानी पाहो अन् जळो. तू टोल्याची मंडई म्हणली तं मले वाटलं, आता माहा नंबर लागला. अन् तू मंगळवार धरला."

धुरपताने सगळ्यांना चहा दिला, तोही सगळ्यांनी खाली बघत प्यायला.

परतीच्या वाटेवर नाला आला तेव्हा मागून काकूचा आवाज आला, "मोठी असून माह्यावर जळे, धरम." तिच्या आवाजात नवल होतं, वाईट वाटणं होतं, आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही होता.

मंगळवार आला. काकूने पहाटेपासून वडे तळले, भात-भाजी केली, ओसरीत दोन पाट मांडले, वाढायचं सगळं रिताच्या हवाली केलं, आणि दुकानं लागत होती त्याच वेळी घरचं जुनं लुगडं नेसून नाला ओलांडून खैरीला निघून गेली. टोल्यात बोंब झाली. जिने मंडई आणली तीच मंडईच्या दिवशी पलीकडे. घनश्याम म्हणाला, नाक कापलं. मला तर ब्रह्मांड आठवलं. सगळ्यांनी मलाच पाठवलं, काकूला परत आण म्हणून, आणि मीही तावातावाने गेलो.

केशरबाईच्या घरी पाहुणे भरले होते. चुलीसमोर देवकाकाकू बसली होती, पदर खोचलेला, घामाने निथळलेली, कढईत वडे सोडत होती. केशरबाई नवीन लुगडं नेसून दारात उभी होती आणि तिला तिथून निघता येत नव्हतं. कोणाला काय लागतं, भाताचं पाणी उपसलं का, असं ती वळूनवळून सांगत-विचारत होती.

"तू जा," काकू कढईवरची नजर न काढता म्हणाली. "रितानं पाट मांडला आहे. तू टोल्यात जेवते म्हणून दादाले कालच निरोप धाडला, येऊन बसला असंन. इकडचं मी पाहतो, हे सोयरे का माहे नाईत?"

मला पाहिल्यावर तिने मी काय म्हणायला आलो ते विचारलंच नाही. बाईला गाडीवर घेऊन जा, तिचं जेवण झालं की येऊन मला सांग, एवढंच म्हणाली. मी गाडी वळवली. केशरबाई माझ्या मागे दोन्ही हातांनी सीट धरून बसली. नाला उतरताना तिने विचारलं की तुमच्याकडे दंडार किती वाजता लागते आणि पुढे बसायला मिळतं का.

काकूच्या ओसरीत गोमाजी खरंच येऊन बसला होता. भावाशेजारी ती पाटावर बसली. रिताने वाढलं. केशरबाईचा हात सारखा उठायला जायचा, पाण्याचा तांब्या घ्यायला, कोणाला भात घालायला, आणि रिता तिला दर वेळी खाली बसवायची. मग ती बसली. गोमाजीने तिला विचारून विचारून वडे घ्यायला लावले. सगळा टोला या ना त्या निमित्ताने दारावरून जाऊन ते पाहून आला. घनश्यामसुद्धा. नाकाचं नंतर कोणी काढलं नाही.

मी पुन्हा नाला ओलांडून खैरीला गेलो. काकू अजून कढईसमोरच होती. बहीण आपल्या पाटावर बसलेली पाहायची म्हणून तिने एवढा खटाटोप केला, आणि बहीण बसली तेव्हा ही इथे बसून दुसऱ्याच्या पाहुण्यांना वडे तळत होती. मी सांगितलं की दोघं शेजारी बसले, दादाने पोटभर खाल्लं, बाईने वडे तीनदा मागून घेतले.

"काई म्हणली का?" तिने विचारलं.

मी आधी नाही म्हटलं. तिने झारा थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग सांगावंच लागलं की मीठ कमी पडलं म्हणाली.

काकू हसायला लागली. इतकी हसली की ओसरीतले पाहुणे जेवता जेवता आत डोकावले.

"म्हणनच," ती म्हणाली. "मीही घरी येऊन चाळीस वर्सं तेच म्हणत आली."